तुऱ्याचा आणि भुंडा

माळावर दोन पाखरं एका रंगाची असतात, वाळलेल्या मातीच्या. वाटेनं जाणाऱ्याला ती दोन्ही एकच वाटतात. शहरातल्या माणसाला तर चिमण्या वाटतात. मला वाटत नाहीत. माझे तरणेपणाचे दिवस मेंढरांमागं उन्हात गेलेत, आणि या बाबतीत मी कुणाला बोलू देत नाही.

एकाच्या डोक्यावर तुरा असतो, टोकदार, मागं कललेला. तो चंडोल. दुसऱ्याला म्हणावा असा तुरा नाही. त्याला आमच्या वाडीत भुंडा म्हणायचे, बिनशिंगाच्या शेळीला भुंडी म्हणतात तसं. पुस्तकात त्याला दुसरं नाव असेल. मी दुसरीची पाटी अर्धी टाकून मेंढरांमागं गेलो, त्यामुळं पुस्तकातलं नाव मला ठाऊक नाही, आणि आता कुणी सांगितलं तरी मी ते घेणार नाही. भुंडा तो भुंडाच.

दोघं भावकीतलेच. दोघं जमिनीवर घर करतात, गवताच्या बुडख्याला, कधी खुरानं पडलेल्या खळग्यात. दोघं बी वेचतात, किडे खातात. पण चंडोल माणूस दिसला की तुरुतुरु पळतो, थांबतो, मान वर करून बघतो आणि परत पळतो. भुंडा दबून बसतो. पाय अंगावर पडेस्तोवर हलत नाही, आणि उठला की पंखात विटेचा रंग दिसतो. तेवढाच त्याचा दागिना. चंडोलाची छाती बरीचशी साफ, भुंड्याच्या छातीवर ठिपक्यांची दाटी, चोचही जाड. हे शिकवायला मला कुणी बसलं नव्हतं. मेंढरं चरत असतात, माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा असतो, मग बघणार काय?

खरा फरक आवाजाचा. चंडोल नकल्या. टिटवीचं ओरडणं घेईल, घारीची शीळ घेईल, खारीची किटकिट घेईल, आणि सगळ्यांची मोट बांधून आपलंच गाणं म्हणून ऐकवील. माझा थोरला भाऊ कुत्र्याला शीळ घालायचा. एका चंडोलानं ती उचलली. दगडावर बसून त्यानं शीळ घातली तसं आमचं कुत्रं उठलं, पळत गेलं, तिथं कुणीच नाही म्हणून उभं राहिलं, आणि शेपूट पाडून परत आलं. दिवसभर ते आमच्याकडं बघेना. चंडोलाचं असं. ऐकायला गोड, पण त्यातलं स्वतःचं किती आणि उसनं किती, सांगता यायचं नाही.

भुंड्याकडं उसनं काही नाही. त्याच्या गळ्यात एकच सूर, आणि तो इतका बारीक की नवख्याला वाटावं गवतात किडाच वाजतोय. श्रावणाच्या सुमाराला हा बाभळीच्या शेंड्यावरून सरळ वर उठतो. झाडाच्या दुप्पट उंच गेला की पंख वर उचलून धरतो, पाय खाली सोडतो आणि तसाच तरंगत, सी-सी-सी-सी करत हळूहळू खाली येतो. परत त्याच शेंड्यावर. घटकाभरानं परत वर. मला आवडायचा तो भुंडा. आपलं आहे तेवढं घेऊन वर जायचं, दुसऱ्याचं मागायचं नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात आमची मेंढरांची खांड गेली. काही मेंढरं मेली, उरलेली मरायच्या आत विकली. त्यावर मी जास्त बोलणार नाही. खडी फोडायच्या कामावर गेलो, पाऊस पडल्यावरही हातात काही राहिलं नाही, मग बायकोला घेऊन सोलापूरला आलो आणि यंत्रमागाच्या कारखान्यात लागलो. चादरीच्या मागावर.

सासऱ्यांची खांड मात्र वाचली होती. सांगोल्याच्या अलीकडं त्यांचं गाव. पाण्याचा अंदाज घेऊन ते वेळेत मेंढरं हाकत खाली कर्नाटकाच्या हद्दीत उतरले होते. त्यांना ही एकच लेक. ते मला म्हणाले होते, "जावईबापू, शेरात कशाला जाताय? हितं या. खांड सांबाळा."

मी म्हणालो, "मामा, बायकूच्या बापाची मेंढरं राकनारा मी न्हवं. राकीन तर सवताची राकीन."

तसं मी ठरवलंच होतं. माग ही थोड्या दिवसांची सोय. गाठीला जमलं की आपली मेंढरं घ्यायची आणि माळावर परत जायचं. दुसरा विचार डोक्यात नव्हता. ती थोड्या दिवसांची सोय वर्षावर वर्षं लांबत गेली, तरी मी मनानं मेंढकाच होतो, आणि विचारणाऱ्याला तसंच सांगायचो.

कारखान्यात शिरलं की आवाज कानात वाजत नाही, छातीत वाजतो. पत्र्याचं छप्पर, चार भिंती, आणि सगळे माग एकदम चालू. धोटा इकडून तिकडं आपटतो तो प्रत्येक ठोका दातांत कळतो. सुरुवातीला मी घसा फुटेस्तोवर ओरडायचो. शेजारच्या मागावर एक वयस्कर तेलुगू विणकर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, स्वतःच्या ओठांकडं बोट केलं आणि आवाज न करता सावकाश बोलले. तिसऱ्यांदा मला कळलं. ते म्हणत होते, "ओरडू नको बे, बघ."

कारखान्यात सगळे असंच बोलतात. ओठ बघायचे, बोटं बघायची. धोट्यातली सुताची कांडी संपली की एक खूण, धागा तुटला की दुसरी, जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, आला की भुवई. वर्षभरात मी इतका तयार झालो की मागाच्या चार ओळी पलीकडं कोण कुणाला काय शिवी देतंय ते मला इथं कळायचं. बाहेर रस्त्यावरही मी माणसाच्या तोंडाकडं बघूनच बोलायला लागलो. त्याचं मला काही वाटलं नाही. उलट वाटायचं, आपली हुशारी वाढली.

घरी मात्र कुरबुर सुरू झाली. बायको चुलीकडं तोंड करून बोलायची आणि मग एकाएकी वळून म्हणायची, "अवं, कवाधरनं बोलतीया! तोंडात गूळ हाय का?"

"तू नीट बोलशील तर उत्तर देतो. पुटपुटती काय?"

"मी पुटपुटती? बरं बाई, मीच पुटपुटती."

मला खरंच वाटायचं, ही शहरात येऊन हळू बोलायला लागलीय. खोलीला खोली चिकटलेली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बोलत असेल. गावाकडं हीच बाई एका डगरीवरून दुसऱ्या डगरीवर हाक मारायची.

अण्णांच्या दारात एक पिंजरा होता, कापडानं गुंडाळलेला, आणि आत चंडोल. कापड थोडं बाजूला केलं की तो बोलायचा. गिरणीचा भोंगा काढायचा, बारीक करून. शेजारच्या सायकलवाल्याची घंटी काढायचा. अण्णांची छाती फुगायची. "ऐक बे मेंढक्या! तुझ्या माळावर असा आहे का एक तरी?"

"माळावरचंच हाय त्ये, अण्णा. तुमी कोंडून घातलंय."

"मग? शिकवलं कुणी?"

"चोरी शिकवायला कशाला लागती?" मी म्हणालो. "त्याचा भाऊबंद हाय, भुंडा म्हनून. तो आपलं गातो. कुनाचं घेत न्हाई."

"गातो काय?"

मी तोंडानं सी-सी केलं. अण्णा हसून हसून ओट्यावर बसले. "हे गाणं? हे तर पायाखाली उंदीर आल्यावर उंदीर म्हणतो!"

तिथून आमचं लागलं. माग चालू असताना आमचं भांडण ओठांनी चालायचं. मी तुटलेला धागा गाठत मान वर करायचो तर अण्णा ओठांनी म्हणत असायचे, "तेलुगू येतं मला, मराठी येतं, उर्दू येतं. चंडोलाचंही तसंच. ज्याला एकच येतं तो गरीब." मी उलट म्हणायचो, "ज्याला आपलं न्हाई त्यो गरीब." एकदा या नादात माझ्या चादरीत वीतभर पोकळ जागा पडली आणि जॉबरनं अण्णांना सोडून मलाच झापलं. त्याचे ओठ न बघता नुसत्या तोंडावरूनही कळलं असतं.

शेवटी मी म्हणालो, "श्रावण लागलाय. सुट्टीच्या दिवशी चला. दावतो."

होटगी रस्त्याच्या पलीकडं तेव्हा मोकळा माळ होता. बुटकं गवत, खडक, कुठं तरी बाभूळ. सकाळी आम्ही दोघं गेलो. अण्णांनी धोतर वर खोचलं होतं आणि दर ढांगेला काटा मोडल्यासारखं तोंड करत होते. चंडोल लगेच भेटला, दगडावर बसून बोलत होता. अण्णा खूश. "बघ, आपला माणूस!"

पुढं एका बाभळीच्या शेंड्यावर मला भुंडा दिसला. मी अण्णांचं मनगट धरलं. "आता बगा."

तो उठला. सरळ वर गेला, पंख उचलले, पाय सोडले आणि तरंगत खाली यायला लागला. ऊन त्याच्या पंखातून विटेच्या रंगानं येत होतं. चोच उघडी, गळा हलताना दिसत होता.

आवाज नाही.

मी वाट बघितली. तो शेंड्यावर बसला, परत वर गेला, परत तसाच उतरला. चोच उघडी. आवाज नाही.

"कुठाय बे गाणं?" अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, "ह्यो मुका हाय."

पुढं गेलो. दुसरा भुंडा सापडला. तोही वर गेला, तोही मुका. तिसराही तसाच. मी खडकावर बसून विचार केला आणि अण्णांना सांगितलं, "दुष्काळात मेंढीला चारा न्हाई मिळाला की कोकरू रोडकं निपजतं. पाखराचं तसंच झालंय. दुष्काळानंतरची पिलावळ हाय ही. आवाजच धरला न्हाई."

अण्णांनीही नीट विचार केला. "औषध मारतात बे शेतावर. पांढरी पावडर. तो किडा ह्यानं खाल्ला, घसा बसला."

"चंडोल बी किडे खातो की. त्याचा का न्हाई बसला?"

"चंडोलाचा घसा मजबूत," अण्णा म्हणाले.

परत येताना आम्ही दोघं गंभीर होतो. पाखराची एक जात डोळ्यांदेखत मुकी झाली, ही काही लहान गोष्ट नव्हती. कारखान्यात सांगितलं. पुढच्या सुट्टीला मागावरची आणखी चार-दोन माणसं बघायला आली. सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांचं एकमत झालं. कुणी पावडर म्हणालं, कुणी दुष्काळ म्हणालं, एक जण म्हणाला गिरण्यांचा धूर. मुका आहे यात कुणालाच शंका नव्हती. कारखान्याबाहेरचा चहावाला तेवढा म्हणाला, "पाखरू कधी मुकं असतंय का?" तेव्हा आम्ही सगळे त्याच्यावर हसलो. दिवसभर स्टोव्हजवळ बसणाऱ्या माणसाला माळाचं काय कळणार!

श्रावण सरता सरता बायको म्हणाली, या वेळी माझ्याकडं तोंड करून म्हणाली, की माळावर पाथरीची भाजी उगवली असेल, चला आणू. आम्ही सकाळीच गेलो. ती पदराची ओटी खोचून भाजी खुडत पुढं चालली होती, मी मागं. लांब एका बाभळीवरून भुंडा उठला. मी उभा राहिलो आणि तिला म्हणालो, "बग. मुक्या जातीचं पाखरू."

तिनं खालूनच मान वर केली. "कुठलं मुकं?"

"त्योच की. वर गेलाय त्यो."

"त्यो भुंडा हाय." तिला भुंडा मी दाखवायची गरज नव्हती, तीही मेंढक्याचीच लेक. "मुका कसला? सकाळधरनं डोकं उठवलंय की त्यानं. सी-सी, सी-सी."

मी म्हणालो, "काय तर बोलू नगं."

"मी कशाला खोटं बोलू? ह्यो बगा, आता बी गातोय."

"न्हाई गात."

"गातोय!"

तिची आणि माझी बरीच जुंपली. मी माझा हेका सोडणाऱ्यातला नाही. मी म्हणालो, ठीक आहे, खरंखोटं करू. तिला बाभळीकडं पाठ करून खाली बसवलं. डोळे मिटायला लावले. "आवाज आला की हात वर कर. थांबला की खाली घे. बोलू नगं." आणि मी भुंड्याकडं तोंड करून उभा राहिलो, म्हणजे दोघंही मला दिसतील.

बराच वेळ भुंडा शेंड्यावर नुसता बसला. तिचे हात मांडीवर. वारा होता. मग तो उठला, वर गेला. पंख उचलले, चोच उघडली, आणि बायकोचा हात वर गेला.

तो तरंगत खाली येईस्तोवर हात वर होता. शेंड्यावर टेकला तसा हात खाली आला.

मी परत वाट बघितली. परत तो उठला, परत हात उठला. मधे तो अर्ध्यात थांबून खाली आला, तिचा हातही अर्ध्यात खाली आला. मी तिला दुसरीकडं बसवलं, दुसरा भुंडा शोधला. तेच. पलीकडं चंडोल बोलायला लागला तेव्हा तिनं हात वर केला, आणि तो मलाही ऐकू येत होता, चांगला, टिटवीसकट. चंडोल येत होता. भुंडा येत नव्हता. वारा येत होता का, ते मी पहिल्यांदाच कान देऊन बघितलं. अंगाला लागत होता. गवतात त्याचा आवाज नव्हता.

"डोळं उगडू का?" तिनं विचारलं असणार, पण माझे डोळे वर पाखराकडं होते आणि मला ते कळलं नाही. मग तिनं आपणच डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि उठून समोर आली.

"ऐकू येत न्हाई तुमास्नी?"

"समदं येतं," मी म्हणालो. "ह्यो एक येत न्हाई."

ती खाली बसली. भाजी पदरातून सांडली ती तिनं गोळाही केली नाही. "म्हंजे मी चुलीकडं तोंड करून बोलती त्ये..."

"काय बोलत हुतीस?"

"आता समदं सांगत बसू व्हय? वरीस झालं की बोलतीया!" ती हसली आणि मग हसणं थांबलं. "आवं, बाबांचा निरोप सांगितला त्यो?"

"कसला निरोप?"

तेव्हा तिनं समोर बसून, माझ्या तोंडाकडं तोंड करून सांगितलं. सासऱ्यांचे गुडघे गेले होते. खांडीमागं चालणं होत नव्हतं. बाजारला येणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी सांगून पाठवलं होतं की तुम्ही येत असाल तर या, नाहीतर दसऱ्याच्या आत सांगोल्याच्या बाजारात सगळी मेंढरं काढणार. हा निरोप एकदा नाही, तीनदा आला होता. आणि हिनं तिन्ही वेळा भाकरी थापता थापता मला विचारलं होतं, काय सांगू म्हणून.

"तुमी गप. मला वाटलं, न्हाईच म्हन्तायसा. पयल्यांदा बी न्हाईच म्हनला हुता. म्हनून मग मी बी सांगून धाडलं, त्यांचं मन न्हाई."

मी खडकावर बसलो. मेंढक्याला डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात, हे तिला सांगायची गरज नव्हती आणि मलाही नव्हती. खांड डगरीपलीकडं उतरते तेव्हा ती दिसत नाही, घंटीवरून कळते. झुडपात कोकरू अडकलं तर ते बारीकच ओरडतं. लांडगा आला तर मेंढरं आधी गप्प होतात, आणि ती गप्प झालेली ज्याला कळत नाहीत त्यानं खांड राखू नये. मी इतकी वर्षं म्हणत होतो, जमलं की परत जाऊ. परत जायला जे लागतं ते मी रोज मागावर थोडं थोडं घालवत होतो. ऐकण्यातलं बारीक आवाजाचं टोक गेलं होतं. अजून दोन-तीन वर्षांनी चंडोलही गेला असता, आणि मी त्यालाही मुका म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी मागावर अण्णांना ओठांनी सांगितलं. म्हणालो, भुंडा मुका नाही, आपण बहिरे आहोत.

अण्णांनी माझे ओठ वाचले आणि नजर धोट्याकडं वळवली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बायकांना भास होतो बे."

"हात वर करून दावलं तिनं."

"मला चंडोल ऐकू येतो. भोंगा काढतो तो ऐकू येतो. मग?"

"त्यो जाड हाय, अण्णा. ह्यो बारीक."

अण्णांची कांडी संपली, त्यांनी बदलली. मग म्हणाले, "मी पन्नाशी ओलांडली. माझी पोरं तोंडासमोर येऊन बोलतात, नातूही. माझं चालतं. तू जा." एवढं बोलून त्यांनी मान वळवली, म्हणजे मला पुढं काही म्हणता येऊ नये. कारखान्यात मान वळवली की बोलणं संपलं.

मी दोन दिवस रजा टाकली आणि एसटीनं सासुरवाडीला गेलो. बायकोला बरोबर घेतलं नाही. हे मागणं माझं होतं.

सासरे वाघरीपाशी बसले होते, पाय लांब करून. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्यात लहान कोकरं होती, मोठी मेंढरं रानात गेली होती. मी पाया पडलो. ते म्हणाले, "तीन निरोप धाडलं. जावई लई मोटं झालं."

"मला ऐकू आलं न्हाई, मामा."

"व्हय. गरिबाचं कुनाला ऐकू येतंय?"

"तसं न्हवं. ऐकू येतच न्हाई. मागाच्या आवाजानं बारीक ऐकू यायचं गेलंय. भुंड्याचं गानं येत न्हाई. म्हनून आदी सांगून मग मागतो. खांड मला द्या. पर कोकराचं ओरडनं मला आलं तर द्या. न्हाई आलं तर मी घेनार न्हाई, बाजारात काडा."

त्यांनी काठीनं शेजारची जागा दाखवली. मग म्हणाले, "बस. मेंढरं येऊ दे."

आम्ही दोघं बसून राहिलो. त्यांनी तंबाखू मळली, मला दिली. पाण्याचं, चाऱ्याचं बोलणं झालं, ते माझ्याकडं तोंड करून बोलत होते हे मला कळत होतं. उन्हं उतरली तशी धूळ दिसली. राखणीला ठेवलेला गडी मेंढरं घेऊन येत होता. मी उठून वाघरीकडं पाठ केली आणि डोळे मिटले.

आयांचा वास लागला की कोकरं एकदम ओरडतात. हे मला ठाऊक होतं, म्हणून ठाऊक असलेलंच ऐकायचं नाही असं मी मनाला बजावलं. आधी मेंढरांचे जाड आवाज आले. ते लांबूनच आले. मग बराच वेळ त्यांच्याशिवाय काही नाही. आणि मग त्यांच्यामधून, फडक्याआडून यावा तसा, एक बारीक आवाज आला. दुसरा आला. पुष्कळ आले. पूर्वी ते कानात शिरायचे, आता शिरत नव्हते, कानाशी येऊन थांबत होते. पण येत होते. डाव्या अंगाला कमी, उजव्या अंगाला जास्त.

मी डोळे उघडले. सासरे समोर काठी धरून उभे होते, गुडघे दुखत असताना उठले होते.

"आलं?"

"आलं. उजव्या कानानं चांगलं आलं."

"मग घे."

"घेतो," मी म्हणालो. "पर या पितळी घंट्या काडा. बारीक वाजत्यात. मला लोखंडी पायजेत, जाड पत्र्याच्या. धा मेंढरांमागं एक."

"एवड्या घंट्या? मेंढरं हायत का देवळं?"

"आनि कुत्री दोन. आनि तुमची लेक डाव्या अंगानं चालल."

सासऱ्यांनी वाघर उचलली. कोकरं आपापल्या आयांखाली घुसली. ते म्हणाले, "ती कवाबी डाव्या अंगानंच चालायची. तुझ्या ध्यानात आलं नसंल." आणि लोहाराकडं उद्याच जाऊ म्हणाले, कारण दसऱ्याच्या आत त्याच्याकडं गर्दी असते.